मिटलेल्या चोची

वनिता गुरनुलेच्या कोंबड्यांचे जेवढे लाड होत, तेवढे मोहाळीत कुणाच्या जावयाचेही होत नसतील. मार्च लागला की ती खुराड्यावर तणसाचा जाड थर अंथरी, चारही बाजूंनी ओली पोती सोडी आणि मातीच्या परळांतलं पाणी दुपारभर बदलत राही. पाण्यात कधी गूळ, कधी मीठ, कधी लिंबू. कलिंगडाच्या साली त्यांच्या आणि गर उरलाच तर तिचा. बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ती खुराड्यात ठेवी आणि स्वतः माठातलं पाणी पिई. नवरा गेला, मुलगी नांदायला नागपूरला गेली. मग घरात बोलायला उरलं होतं तरी कोण?

एवढं करूनही मागच्या उन्हाळ्यात निम्म्या कोंबड्या गेल्या. चंद्रपूरकडचा उन्हाळा कडक हे काही नवं नाही. पण पूर्वी दिवस कितीही तापला तरी पहाटे जमीन निवायची. आता पहाटही कोमटच. सकाळचा चहा होतो न होतो तोच उष्मबंदीचा भोंगा वाजे आणि दिवस कलेपर्यंत उघड्यावर काम करायला बंदी असे. माणसं कूलरपुढे बसत. हवा दमट झाली की कूलरही नुसता आवाज करी. कोंबड्यांना भोंगा कळत नव्हता आणि कूलर परवडत नव्हता.

कोंबडीला घाम येत नाही, कारण तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नसतात. उकडायला लागलं की ती पंख अंगापासून लांब धरते, चोच उघडते आणि धापा टाकते. घशातली ओल वाफ होऊन जाते आणि जाताना थोडी उष्णता घेऊन जाते. पण धापा टाकायलाही कष्ट पडतात आणि त्या कष्टांनी अंग आणखी तापतं. रक्तातला कार्बन डायॉक्साइड नको इतका बाहेर पडतो, अंड्याचं कवच पातळ होतं. मग ती खाणं सोडते, अंडी देणं सोडते आणि एखाद्या दुपारी मान टाकते.

यंदा फेब्रुवारीत जनावरांच्या डॉक्टर अंकिता नैताम एक छोटी निळी बाटली घेऊन वनिताच्या अंगणात आल्या. बाटलीवर ‘निवांत’ असं नाव होतं.

“काकू, उन्हानं मरणारी कोंबडी अर्धी घाबरून मरते,” डॉक्टर म्हणाल्या. “धापा टाकते, फडफडते, पळते, तेवढीच अजून तापते. हे थेंब पाण्यात टाका. तिची घाबरगुंडीच थांबते.”

“म्हंजे झोपेचं औषध हाय का?”

“नाही नाही. ती चांगली जागी राहते. फक्त तिला गरम वाटत नाही.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. कातडीखालच्या नसांच्या टोकांवर उष्णता ओळखणारी सूक्ष्म दारं असतात. अंग तापलं की ती उघडतात, मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला वर्दी जाते आणि तिथून हुकूम सुटतो: धापा टाक, पाणी पी, सावलीत पळ. निवांतमधला रेणू ती दारंच बंद करतो. वर्दी नाही, म्हणून हुकूम नाही. कोंबडी शांत बसते, शांत बसल्यामुळे तिच्या अंगात उष्णताही कमी तयार होते, आणि प्रयोगशाळेत पंख्याखाली ठेवलेल्या कोंबड्या खरोखरच कमी मेल्या होत्या. यात खोटं काही नव्हतं. फक्त अंग थंड ठेवणं आणि अंगाला गरम न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच बाटलीत भरल्या होत्या आणि वर नाव एकच चिकटवलं होतं.

“अंडे खाल्ले तं चालते?” वनितानं विचारलं.

“चालते. तपासलंय सगळं.”

तपासलं होतं, हेही खरंच. पण तपासलं होतं ते कंपनीच्या शेडमधल्या, रोज अंडं देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्यांवर. हा रेणू चरबीत विरघळतो आणि अंड्याच्या बलकात साठतो. रोज अंडं देणाऱ्या कोंबडीत तो थोडा थोडा वाटला जातो. मनात आलं तर अंडं देणाऱ्या गावठी कोंबडीच्या एकेका बलकात तो कितीतरी जास्त साचतो. गावठी कोंबडीवर प्रयोग करायला कुणाला सवड नव्हती.

आठवडाभरात वनिताच्या अंगणातली धाप बंद झाली. भर दुपारी कोंबड्या मिटल्या चोचीनं उन्हात माती उकरत फिरू लागल्या. वनिता दारात बसून त्यांच्याकडे बघत राहायची आणि तिला अगदी भरून यायचं. ओल्या पोत्यांची गरज उरली नाही, बर्फाच्या बाटल्या तिच्या स्वतःच्या वाट्याला आल्या. आणि एप्रिल लागल्यावरही कोंबड्या अंडी देत राहिल्या.

आता अडचण अशी की उन्हाळ्यात अंडी खाणार कोण? अंडं उष्ण असतं हे मोहाळीत कुणाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात अंडं खाल्लं की तोंड येतं, लघवीला जळजळतं. पोटुशी बाईला तर ते दाखवतही नाहीत. वनितानं आपली फेकवत नाहीत म्हणून खाल्ली. तोंड आलं नाहीच. उलट चार-सहा दिवसांनी तिच्या लक्षात आलं की दुपारचं उकडणंच बंद झालंय. अंगात सकाळचा वारा शिरल्यासारखं वाटत होतं. एकदा भाकरी उलटताना बोट तव्यावर टेकलं आणि जळका वास आल्यावर तिला ते कळलं. तिनं बोटाला हळद लावली आणि विसरून गेली.

या कोंबड्यांची अंडी थंड पडतात, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. निवांत वापरणारी आणखी घरं होती, त्यांचाही तोच अनुभव. ‘थंडी अंडी’ असं नाव पडलं. रस्त्याच्या कामाचा ठेकेदार मजुरांना सकाळी उकडलेली अंडी वाटू लागला, आणि भोंगा वाजल्यावरही डांबर पडत राहिलं. मजूर कुरकुरत नव्हते, म्हणून कुणी विचारलंही नाही. शेजारच्या बेबीबाई निकुरे मात्र या सगळ्याच्या बाहेर राहिल्या. त्यांनी गुरू केला होता, अंडं-मटण सोडलं होतं, आणि खिडकीला वाळ्याची ताटी लावून त्या आतून घामाघूम होत होत्या.

मे लागल्यावर वनिताची मुलगी तनुश्री बाळंतपणाला आली. सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, एवढा रिवाज त्या काळातही शिल्लक होता. खरं तर ही तिची दुसरी वेळ. मागच्या उन्हाळ्यात नागपुरातल्या पत्र्याच्या खोलीत पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं, आणि डॉक्टरांनी कारण एका शब्दात सांगितलं होतं, उष्णता. तनूचा नवरा चेतन गोदामात कामाला होता. त्याला रजा नव्हती. तो फोनवर नुसतं “मम्मी, सांभाळा” म्हणाला. हे लेकरू जिवंत हातात यावं, यापलीकडे वनिताला कुणाकडून काही नको होतं.

तनू बसमधून उतरली ती लालबुंद होऊन.

“मम्मी, आधी कूलर लाव. प्रेम मंग कर.”

“हातपाय धू, आन् हे खा.”

तनूनं ताटलीकडे पाहिलं. “अंडे? ह्या उन्हाळ्यात? तूच मले शिकवलं ना, पोटुशीनं अंड्याकडे पाहू बी नाही?”

“हे थंडे हायेत. खा चुपचाप.”

“गायीचं नाव सांगून बैल विकून राहिली तू,” तनू म्हणाली, पण भूक लागली होती. तिनं खाल्ली.

ठेकेदाराचा माणूस त्या आठवड्यात सगळी अंडी मागायला आला, तेव्हा वनितानं त्याला दारातूनच परत पाठवलं. “माझ्या पोरीसाठी हायेत,” ती म्हणाली. हे सांगताना तिला किती अभिमान वाटला होता! रोज सकाळी दोन, कधी दुधात फेटून, कधी नुसती उकडून. उष्णतेनं एक लेकरू नेलं होतं. आता उष्णतेला दाराबाहेर कसं ठेवायचं ते आईला कळलं होतं.

तनूचा लालपणा गेला. तिला झोप लागू लागली. कूलरच्या आवाजानं डोकं दुखतं म्हणून तिनं तो बंद करून टाकला. पाण्याचा तांब्या उशाशी भरलेला असे तो तसाच राही, पण मुलगी हसतेय, खातेय, झोपतेय हे पाहिल्यावर तांब्याकडे कोण बघतो? मग तिला रिकामं बसवेना. यंदा कुरड्या कुणीच घातल्या नाहीत, आपण घालू या, असा तिनं हट्ट धरला.

“सावलीत घाल मंग,” वनिता म्हणाली.

“सावलीत वाळतील का त्या? मले गरमच नाही होऊन राहिलं, तं सावली कशाले?”

वनितालाही गरम होत नव्हतं. दोघी गच्चीवर सोऱ्या घेऊन बसल्या, भोंगा वाजून गेला तरी बसल्या. बेबीबाईंनी ताटी बाजूला करून ओरडून पाहिलं. “आत जा व! भोंगा ऐकू नाही आला का?”

“काकू, तुम्ही बी एक अंडं खाऊन पाहा!” तनू वरून हसली.

त्याच दिवसांत लाली खुडूक बसली. वनिताची ही सगळ्यांत जुनी तांबडी कोंबडी. खुडूक कोंबडी म्हणजे अंडी उबवायची ओढ लागलेली. ती कोपऱ्यात फुगून बसते आणि हात लावला तर टोचते. एरवी मे महिन्यात वनिता तिला कधीच अंड्यांवर बसवत नसे. अशा वेळी ती कोंबडीला पाण्यात बुडवून काढी, टोपलीखाली झाकी, काहीही करून तो नाद सोडवी. कारण वरून ऊन, खालून अंड्यांची ऊब, कोंबडी टिकत नाही. पण आता तर निवांत होता. शिवाय घरात दोनजीवी मुलगी असताना उबवायला बसलेल्या कोंबडीला उठवणं वनिताच्या जिवावर आलं. तिनं तणसाचं घरटं केलं, अंडी मांडली आणि लालीला बसवलं.

खुडूक कोंबडीही दिवसातून एकदा उठते. दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते. फार उकडलं तर अंड्यांवर उभी राहून पंख पसरते, म्हणजे तिलाही वारा आणि अंड्यांनाही. लाली मात्र सहसा हलतच नव्हती. वनिता येता-जाता डोकावे. “कशी बसली हाय पाहा माझी बाई,” ती तनूला कौतुकानं सांगे. “आई व्हावं तं अशी.”

पंधरवड्यानं एका दुपारी वनिता दाणे घेऊन खुराड्यात वाकली आणि लालीच्या पोटाखाली हात घातला. टोच बसली नाही. लाली अंडी उबवत होती तशाच बैठकीत, सगळीच्या सगळी, एकसंध उचलली गेली. डोळे मिटलेले होते. चोचही मिटलेली होती. भर उन्हात तिनं एकदाही धाप टाकली नव्हती, एकदाही उठली नव्हती. वनितानं एक अंडं दगडावर फोडलं. आतलं पिल्लू शिजलेलं होतं.

तिच्या तोंडून काय आवाज निघाला ते तिला आठवत नाही. बेबीबाई डोक्यावर ओला पदर घेऊन धावत आल्या आणि त्यांनी तिचे दंड धरले. धरले आणि लगेच सोडले.

“अवं माय! तुझं आंग तं भाजून राहिलं. ताप हाय का तुले?”

“नाही. मले काहीच नाही होत.”

हे बोलून ती थांबली. हातात लाली होती. लालीलाही काहीच होत नव्हतं.

“तनू,” ती म्हणाली. तनू गच्चीवर होती.

जिना चढताना वनिताचा पाय दोनदा चुकला. वर तनू उन्हात मांडी घालून बसली होती, भोवती पांढऱ्या कुरड्यांची रांगोळीच घातलेली. ओठ सुकून फुटले होते आणि कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

“पाहा मम्मी, किती झाल्या माझ्या,” ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

वनितानं तिच्या कपाळावर हात ठेवला. हाताला काही कळेना. गरम नाही, गार नाही, नुसतं कपाळ. ज्या हातानं या मुलीचा लहानपणीचा प्रत्येक ताप पाहिला, तो हात लाकडाचा झाला होता.

“बेबीबाई, तुम्ही पाहा! तुमचा हात लावा!”

बेबीबाईंनी हात लावला आणि आपला ओला पदर तनूच्या डोक्यावर टाकला.

“तनू, लेकरू हलते का?” वनितानं विचारलं.

तनूनं पोटावरून हात फिरवला. ती हसत होती. “सकाळपासून चूप हाय. निवांत झोपलं हाय. त्याले बी गरम नाही होत ना.”

पोटातलं लेकरू मुलगी होती. तनूला दवाखान्यात डॉक्टरांनी बर्फाच्या पाण्यात बुडवून वाचवलं. पोटातल्या जिवापर्यंत बर्फ पोचायला फार उशीर झाला होता. आईच्या अंगापेक्षा पोटातल्या बाळाचं अंग नेहमीच थोडं जास्त गरम असतं. त्याची उष्णता आईच्या रक्तातून बाहेर जाते; आईच पेटली तर त्याला वाट उरत नाही. कळा तनूला नेहमीसारख्याच आल्या. त्या थेंबांनी फक्त उष्णतेची दारं बंद केली होती, दुखण्याची नाही.

डॉक्टर नैताम दवाखान्याच्या व्हरांड्यात आल्या. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. उतारा नाही, अंगातल्या चरबीतून ते हळूहळू निघून जाईल, तोवर दोघींनाही घड्याळ लावून पाणी पाजावं लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

वनिता व्हरांड्याबाहेर उन्हात उभी होती. येणारे-जाणारे तिला सावलीत ये म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती.

“मॅडम, तुम्ही म्हणल्या होत्या कोंबडी घाबरून मरते,” ती म्हणाली. “घाबरू द्याची होती ना तिले.”

चेतन आला, दोन दिवस बसला आणि एकटाच परत गेला. तनू एकदाच बोलली: “तू चारले.” त्यानंतर ती आईशी गरजेपुरतं बोलायची. रडली मात्र नाही. बेबीबाईंनी तिला जवळ घेऊन स्वतः रडून पाहिलं, तरी नाही.

वनितानं बाटली उकिरड्यात ओतली, अंडी पुरली. खुराड्यावर पुन्हा ओली पोती आली. कोंबड्यांच्या चोची उघडल्या, अंगणात धाप परतली, काही मेल्या. निवांत बंद वगैरे काही झालं नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत एक ओळ वाढली, गावठी अंडी खाऊ नयेत म्हणून, आणि त्या ओळीनं लोकांना नेमकी कोणती अंडी शोधायची ते कळलं. ठेकेदाराच्या मजुरांपैकी दोघे डांबराशेजारीच पडले. त्यांच्या जागी दुसरे आले.

जून सरत आला, आभाळ कोरडंच होतं. एका दुपारी तनू उंबऱ्यात बसली होती आणि अचानक तिनं मानेवर हात फिरवला. बोटं ओली झाली.

“मम्मी,” ती म्हणाली, “गरम होऊन राहिलं.”

वनिता पंखा घेऊन तिच्यामागे बसली आणि वारा घालत राहिली. तनूनं तिला बसू दिलं.

तेवढ्यात फाटकाशी एक बाई आली. बाहेरगावची होती. सोबत तिची मुलगी, तनूच्याच वयाची, पोट चांगलं पुढे आलेलं.

“थंडे अंडे इथंच भेटतात ना व बाई? आमच्याकडचे सरले. पोरीले सवय झाली, नागा पडू द्याचा नाही.”

“नाही देत आता,” वनिता म्हणाली. “कुठंच घेऊ नका. माझ्या पोरीचं लेकरू गेलं त्याच्यानं.”

बाईचा चेहरा लगेच बंद झाला. एखादी बाई माल का देत नाही याची कारणं तिनं बरीच ऐकली असावीत. “ठीक हाय. दुसरीकडे पाहू.”

तनू उठली. ती सरळ त्या मुलीकडे गेली आणि काही न विचारता तिच्या कपाळावर तळहात ठेवला. हात भाजला. तनूनं तो काढला नाही.

“मम्मी, पाणी आन! पोते आन, ओले पोते!”

“अवं ताई, काय करून राहिली?” मुलगी हसत मागे सरली. “मले काही नाही झालं. मले गरमच नाही होत.”

“मालूम हाय,” तनू म्हणाली. तिनं तिला आंब्याच्या सावलीत ओढून बसवलं, खुराड्यावरचं ओलं पोतं ओढून तिच्या खांद्यांवर टाकलं, बादली डोक्यावर रिकामी केली. मुलीची आई ओरडत होती, वनिता तिला दोन्ही हातांनी अडवत होती. मग तनू मुलीसमोर जमिनीवर बसली.

“हलते का?”

मुलीचं हसू थांबलं. तिनं पोटावर हात ठेवला. तिच्या आईची ओढाताण थांबली. अंगणात कोंबड्या उघड्या चोचींनी धापा टाकत होत्या, बाकी आवाज नव्हता. मुलीनं हात थोडा खाली सरकवला, तिथेच ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती आली.

तनूनं आणखी एक बादली मागितली. तीही ओतली. पाणी त्या पोटावरून वाहून मातीत गेलं.

“हललं,” मुलगी म्हणाली.

तनूनं मान खाली घातली आणि महिनाभरात पहिल्यांदा, स्वतःच्या लेकरासाठी, मोठ्यानं रडू लागली.